गंज लागेल म्हणून

आमच्या बाबांना माणसांपेक्षा पत्रा जास्त कळतो, असं मी रागाच्या भरात पुष्कळदा बोलून गेले आहे. आईला ते आवडायचं नाही. बापाबद्दल असं बोलू नये, एवढंच ती म्हणायची आणि उठून दुसऱ्या कामाला लागायची. पण तू खोटं बोलतेस, असं ती मला एकदाही म्हणाली नाही.

बाबांची सगळी नोकरी महाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायनाच्या कारखान्यात गेली. ते तिथे पेंटर होते. पेंटर म्हटलं की लोकांना पाट्या रंगवणारा माणूस आठवतो. बाबांनी आयुष्यात एक अक्षर रंगवलं नाही. त्यांचं काम पाइप, टाक्या, जिने, कठडे रंगवायचं, म्हणजे खरं तर गंज खरवडायचं. तारेच्या ब्रशने घासायचं, फडक्याने पुसायचं, लाल प्रायमर मारायचा, त्यावर रंग, त्यावर पुन्हा रंग. एका टोकाला सुरू केलेलं काम दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक परत तांबडं झालेलं असायचं. तिथल्या हवेत अॅसिडची वाफ असते, ती लोखंडाला सोडत नाही. घरी आले की बाबांच्या नखांत तो तांबूस भुगा असायचा. ते भाकरी मोडायला लागले की मी आणि दादा एकमेकांकडे बघून तोंडं वाकडी करायचो.

आम्ही शाळेत होतो तेव्हा बाबांच्या बरोबर काम करणारा एक माणूस भाजला. गरम पाइपांवर कापसासारखं काहीतरी गुंडाळतात आणि वरून पत्र्याची खोळ घालतात. ती खोळ बाहेरून चकचकीत होती. आत पाइप गंजून पार झिजला होता आणि कुणाला पत्ता नव्हता. तो फुटला तेव्हा हा माणूस नेमका खाली उभा होता. जीव वाचला, चेहरा गेला. पुढे कधीमधी तो आमच्याकडे यायचा, तेव्हा ओट्यावर दाराकडे पाठ करून बसायचा. पोरं घाबरायला नकोत, असं तो आईला म्हणाला होता. आई त्याला चहा नेऊन द्यायची आणि आम्हाला आतच थांबायला सांगायची.

दुसरा कुणी असता तर यातून एवढं शिकला असता की झाकलेल्या वस्तू अधूनमधून उघडून बघाव्यात. बाबा उलटंच शिकले. खोळीला कुठेतरी फट राहिली असणार, तिथून पाणी शिरलं असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. फट ठेवायची नाही. हे त्यांनी घराच्या पत्र्यांना लावलं, पाण्याच्या टाकीला लावलं, खिडकीला लावलं. आमच्या घरात एक खिडकी अशी आहे की ती बाबांनी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून कायमची बंद केली, कारण पावसात तिच्यातून थेंब यायचा. आई तिच्यापाशी भांडी घासायची. तेव्हापासून ती दिवसाही दिवा लावून भांडी घासते.

दादाने गाडी घेतली ती वापरलेलीच, पण नीट ठेवलेली, पांढऱ्या रंगाची. दादा वसाहतीतच दुसऱ्या एका कारखान्यात ऑपरेटर होता, कंत्राटावर. आमची वाडी पोलादपूरच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत. वाडीत टेम्पो होते, रिक्षा होत्या, घरची म्हणावी अशी कार ही पहिलीच. ती आधी विहारापाशी नेली, वंदना झाली, मग वाडीतल्या म्हाताऱ्यांना एकेक करून हायवेपर्यंत फिरवून आणलं. मी महाडात राहते, नवरा आणि मी दोघंही नोकरीला. आम्ही सुट्टी टाकून गेलो होतो. पेढे वाटून होईस्तोवर बाबा गाडीखाली शिरलेले. जुनी चटई टाकून, पाठीवर निजून, हातात टॉर्च. दादा माझ्या कानात म्हणाला, "घे. गाडी माझी आणि मालक खाली."

त्या आठवड्यात बाबांनी गाडीचा तळ तारेच्या ब्रशने घासला आणि त्यावर काळा डांबरी रंग हाताने चढवला, सुकू दिला, पुन्हा चढवला. ते एक वेळ ठीक होतं, सगळेच करतात. पण दाराच्या खालच्या कडेला आणि दाराखाली जी लांब पोकळ पत्र्याची पट्टी असते तिला बारीक भोकं असतात, ती त्यांना दिसली. कारखान्यात भोक म्हणजे गळती. त्यांनी लांबी कालवली आणि एकूण एक भोक बुजवून टाकलं. वर रंग मारला. असा मारला की तिथे भोक होतं हे शोधूनही सापडू नये.

दादाने बघितलं तेव्हा तो हसायला लागला. कंपनीने भोकं उगाच ठेवली असतील का, असं त्याने विचारलं. बाबा म्हणाले, कंपनीला काय, तिला पुढची गाडी विकायची असते. दादाला आणि मला, दोघांनाही गाडीतलं काही कळत नव्हतं. आईने मात्र दोनचार महिन्यांनी सांगितलं होतं की दार लावताना आत घागरीत पाणी हलतं तसं काहीतरी हलतं. बाबा तिच्यावर खेकसले. तुला काय कळतं गाडीतलं, म्हणाले. आईने पुन्हा विषय काढला नाही. आमच्या घरात आईचं बोलणं असंच विरून जायचं.

दुसरा नियम बाबांनी असा केला की गाडी कारखान्यावर न्यायची नाही. तिथल्या पार्किंगच्या गाड्या बघ, म्हणाले, दोन पावसांत दारांना खालून फोड येतात, हवाच तशी आहे. आणि पावसात तर हायवेला काढायचीच नाही. रुंदीकरणाचा चिखल तळाला बसतो तो निघत नाही. म्हणून दादा पाळीला बाइकने जायचा आणि गाडी रविवारी बाहेर निघायची. बहुतेक पाचाडला. वहिनीचं माहेर तिथलं, तिच्या वडिलांची भातशेती. चावीसुद्धा बाबांकडे असायची, त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, कारखान्याच्या जुन्या हेल्मेटखाली. दादा म्हणजे चावी कुठेही टाकणारा माणूस, हे कारण होतं आणि ते खरंही होतं. पाचाडहून परत आलं की बाबा गाडी धुवायचे. धुळीने रंग जातो म्हणून. मग पुसून, कव्हर घालून पडवीत. पडवीला त्यांनी गाडीसाठीच नवे पत्रे टाकले होते.

वहिनी आणि दादा दोघंही यावर हसायचे. एका रविवारी मी पाचाडला त्यांच्याबरोबर होते, तेव्हा वहिनीने सांगितलं की मोकळ्या माळावर दादा तिला गाडी शिकवतो, पण बाबांना सांगायचं नाही ठरलंय, नाहीतर चाकांना खडे लागतात म्हणून तेही बंद होईल. तिने लायसन्सही काढलं. घरात कुणाला कळलं नाही.

दादा गेला तो सकाळच्या पाळीला जाताना. लावणीचे दिवस होते, वहिनी मुलीला घेऊन पाचाडला गेली होती. आई खाचरावर होती. पाऊस असा की समोरचं दिसत नव्हतं. हायवेवर काम चालू होतं तिथे रस्ता एका बाजूला वळवला होता, तिथे चिखलावरून बाइक घसरली आणि मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याची चूक नव्हती, असं बघणाऱ्यांनी सांगितलं. मला ते ऐकून जास्त वाईट वाटलं. कुणाची तरी चूक असती तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

मी महाडहून पोचले तेव्हा पडवीत गाडी उभी होती, कव्हर घातलेलं, चारी टोकं बांधलेली. कोरडी ठणठणीत.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं जेवून गेली आणि बाबा कुठे दिसेनात. मी मागे गेले तर ते गाडीचं कव्हर काढून गाडी धूत होते. नवीन सदरा घातलेला, बाह्या वर केलेल्या, पाइप लावून वरून खालपर्यंत पाणी सोडत होते. गाडीला धूळही नव्हती. माझा भाऊ गेला होता, पण मला त्या क्षणी बाबांचीच भीती वाटली.

तेव्हापासून दर रविवारी हे सुरू झालं. सकाळी कव्हर निघायचं. आधी काचा, मग टप, मग दारं. काचांच्या रबरात माती राहते म्हणून तिथे पाइपचं तोंड अंगठ्याने दाबून जोराची धार मारायची. मग सुकं फडकं. दारांच्या बिजागऱ्यांना तेल. आत डांबरगोळ्या. टायर जमिनीवर दबून वाकडे होतात म्हणून त्यांनी गाडी विटांवर चढवून ठेवली होती, त्या विटा नीट आहेत की नाहीत ते बघायचं. शेवटी इंजिन सुरू करून थोडा वेळ तसंच चालू ठेवायचे. गाडी जागची हलायची नाही, नुसता आवाज. वहिनी चहा घेऊन यायची आणि बॉनेटवर नाही, पडवीच्या कठड्यावर ठेवायची, कारण कपाच्या बुडाचा डाग पडतो. "बाबा, चहा," एवढं म्हणून ती आत यायची. मला वाटतं, त्या घरात त्या दोघांचं सगळं बोलणं तेवढंच होतं, आणि ते दोघांनाही पुरत होतं.

दारांच्या खालच्या कडेला एकदा रंगाला फोड आले. बाबांनी ते घासले, लांबी भरली, वर पांढरा रंग मारला. पुढच्या वर्षी शेजारी आले. तेही भरले. महाडच्या पुरात गावातल्या कितीतरी गाड्या गेल्या, आमच्या शेजाऱ्यांचीही गेली. ती उघडल्यावर आतून वास यायचा तो कित्येक दिवस आमच्या जिन्यात होता. बाबा आमच्या घरातला चिखल काढायला आले होते, पण त्यांचं लक्ष त्या गाडीकडे. बघ, म्हणाले, पाणी लागलं की असं होतं. आपल्या गाडीला मी थेंब लागू दिला नाय. फावडं माझ्या हातात होतं. मी ते खाली ठेवलं आणि आत गेले.

वहिनी नर्स आहे. दादा गेल्यावर तिने पुन्हा नोकरी धरली, डोंगरावरच्या एका उपकेंद्रात, कुडपणच्या बाजूला. तिथे एसटी जाते पण तिच्या वेळेला जात नाही. म्हणून तिने स्कूटी घेतली. तो रस्ता ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. वळणं, एका बाजूला कडा, आणि पावसात धुकं असं की पुढच्या गाडीचा फक्त आवाज येतो. कधी दरड येते, कधी नुसतीच माती वाहून रस्त्यावर पसरते. वहिनी रेनकोट घालायची, डोक्याला प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर हेल्मेट, आणि जायची. मुलगी आजीजवळ. आणि आमच्या पडवीत चार दारांची, छप्पर असलेली, चालू इंजिनाची गाडी विटांवर उभी.

तिने गाडी मागितली ती फक्त एकदा. तेव्हाच लायसन्सचंही सांगितलं. पावसाळ्यापुरती द्या, म्हणाली, मी नीट वापरेन, रोज पुसून ठेवीन. बाबा म्हणाले की डोंगरातल्या चिखलाने तळ जाईल. एवढी वर्षं राखलीय. गंज लागेल. वहिनी बरं म्हणाली. मी त्या दिवशी तिथेच होते आणि माझं डोकं फिरलं.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. पण एक वाक्य लिहायलाच हवं, कारण ते घरातल्या प्रत्येकाच्या मनात होतं आणि कुणी बोललं नव्हतं. मी म्हटलं, "तुमच्या गंजापायी एक बाइकवरून गेला. आता हिलाही पाठवताय का?"

बाबा उठले आणि मागे गेले. आई माझ्याकडे बघत राहिली. वहिनीने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, उलट मलाच रागावली. "ताई, पुन्हा त्यांना असं बोलू नका. ह्यांना बाइकच आवडायची. मी कितीदा सांगायचे, पावसात तरी गाडी मागा, तर म्हणायचे, गाडीत बसून पाळीला जायला मी काय साहेब आहे? ह्यांनी मागितलीच नाही कधी. मग बाबांनी नाकारली कुठून?"

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली की मला माझीच लाज वाटली. मग मला कळलं की ती याच्यावर उभी आहे. तोच माणूस, तेच घर, तोच कप दर रविवारी कठड्यावर नेऊन ठेवायचा, हे तिला जमत होतं ते एवढ्यासाठी की दादाने मागितली नव्हती. मागितली असती आणि मिळाली नसती, तर तिला त्या घरात एक दिवस काढता आला नसता. आणि बाबांचंही मला त्याच दिवशी कळलं, असं तेव्हा वाटलं. गाडी वाचवायला म्हणून पोरगा बाइकवर गेला. आता गाडीच गंजून गेली तर तो गेला कशासाठी? म्हणून ते ती गंजू देत नव्हते. वेडेपणा होता, पण मला त्याचा राग येईनासा झाला. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

वहिनी पडली ती श्रावणात. डोंगरावरून उतरताना, धुक्यात, वळणावर माती आली होती तिथे. कड्याच्या बाजूला न जाता आतल्या बाजूला पडली म्हणून वाचली. मनगट मोडलं, गुडघे सोलले. कुणाच्या तरी जीपमधून खाली आली. मी महाडहून गेले तोवर प्लास्टर घालून घरी आली होती आणि एका हाताने मुलीची वेणी घालायचा प्रयत्न करत होती.

बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी तिला काही विचारलं नाही. तेवढ्यात आई आतून आली. तिच्या हातात गाडीची चावी होती. बाबांच्या पेटीला आईने कधी हात लावल्याचं मला आठवत नाही. ती चावी तिने वहिनीच्या मांडीवर ठेवली आणि बाबांना म्हणाली, "गेला पत्रा तर जाऊ दे. ही नको जायला."

बाबांनी त्या चावीकडे बघितलं. मग म्हणाले, हात बरा होईस्तोवर मी गाडी तयार करतो. आवाज बारीक झाला होता, पण त्यात काहीतरी सैल झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याबरोबर महाडला येऊन नवी बॅटरी घेतली, वायपर घेतले, वहिनीला उंची कमी पडते म्हणून बसायची एक गादीसुद्धा घेतली. वाटेत मला म्हणाले, शिकलेली चांगली आहे ना गो ती? मी हो म्हटलं. दादाने शिकवलीय म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्या दिवशी मला बाबा आवडले. हे मी सांगते आहे कारण नंतर तसं सोपं राहिलं नाही.

रविवारी गाडी विटांवरून उतरवायची होती. आम्ही सगळे पडवीत जमलो, वहिनी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून उभी. बाबांनी नेहमीसारखी गाडी आधी धुतली. मग दाराखालच्या पट्टीला जॅक लावला आणि दांडा फिरवायला लागले. जॅक वर चढत होता. गाडी वर येत नव्हती. बाबांनी वाकून बघितलं, दांडा आणखी फिरवला, आणि कडकड असा आवाज झाला. जॅकचं डोकं काळ्या रंगातून वर शिरलं. ती पट्टी भिजलेल्या पापडासारखी आत दुमडली.

आणि पाणी यायला लागलं. आधी थोडं, मग धार. तांबडं, गढूळ, पडवीच्या फरशीवरून वाहत वहिनीच्या चपलांपर्यंत गेलं. बाबा तसेच उकिडवे बसून होते. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि पुढच्या दाराच्या खालच्या कडेला, जिथे त्यांनी बुजवलं होतं तिथे, टोचला. त्याला जोर लागलाच नाही. लांबीचा खडा निघाला, त्याबरोबर तळहाताएवढा पत्रा निघाला, आणि त्या दारातूनही पाणी आलं. दुसऱ्या दारातून आलं. तिसऱ्यातूनही आलं. वरचा पांढरा रंग तसाच चकचकीत होता. आतमध्ये पत्रा नव्हताच. बाबांची रंगाची पुटं होती, त्यांनी गाडी उभी होती.

आई हळूच म्हणाली, एवढं पाणी आलं कुठून? कव्हर घातलेलं असतं, पडवी कुठे गळत नाही.

बाबांच्या ते आधीच ध्यानात आलं होतं. काचेच्या रबरावर अंगठ्याने धार मारली की पाणी दाराच्या आणि खालच्या पट्टीच्या आत उतरतं. ते खाली निघून जावं म्हणून ती भोकं असतात. पाऊस या गाडीला लागलाच नव्हता. हे सगळं रविवारचं पाणी होतं, त्यांनी स्वतः घातलेलं, इतक्या वर्षांचं. "मीच घातला गो," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. हात त्या पाण्यात तसेच ठेवले होते, नखं पुन्हा तांबडी झाली होती.

वहिनीला त्यांचा कळवळा आला. तिच्या जागी मी असते तर मला आला नसता, कारण तिची गाडी गेली होती, आणि पुन्हा त्याच रस्त्यावर स्कूटीने जाणं तिच्या कपाळी आलं होतं. तरी ती खाली बसली, दुखऱ्या गुडघ्यांवर, आणि आईशी बोलावं तसं त्यांच्याशी बोलली. जाऊ द्या बाबा, म्हणाली, पत्राच आहे. मग तिला वाटलं असावं की आज ते एकदाचं बोलून मोकळं करावं. ती म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही काही म्हटलं नसतं तरी हे बाइकनेच गेले असते. ह्यांनी कधी मागितलीच नव्हती."

बाबांनी हो म्हणायला हवं होतं. मी मनात म्हणत होते, बाबा, हो म्हणा. नुसती मान हलवा. आयुष्यभर भोकं बुजवलीत, हे एक बुजवा.

"नाय गो," बाबा म्हणाले. "त्या दिवशी मागितलेली त्यानी."

पाणी थेंबाथेंबाने पडत होतं.

"आजच्या दिवस चावी द्या बाबा, पाऊस लय हाय, बोलला. घरात कोण नव्हता. मी बोललो, गंज लागल."

वहिनी उठली. एका हाताने उठायला तिला वेळ लागला. मी हात पुढे केला, तो तिने धरला नाही. ती आत गेली आणि तिने चहा ठेवला. रविवार होता, चहाची वेळ झाली होती. कप भरला. मग तो स्वयंपाकघरातच तसाच ठेवून ती मुलीकडे गेली. बऱ्याच वेळाने आईने तो बाबांना नेऊन दिला.

त्याला आता दोन पावसाळे झाले. गाडी पडवीतच आहे, एका बाजूला कललेली. तिच्यावर कव्हर नाही आणि ती कुणी धूत नाही. एक भंगारवाला विचारून गेला, बाबांनी त्याला उत्तर दिलं नाही आणि आम्हीही दिलं नाही. वहिनी घर सोडून गेली नाही. मुलीला आजीचा लळा आहे, शाळा जवळ आहे, आणि जाणार कुठे? हात बरा झाला तशी ती परत स्कूटीने जायला लागली. बाबांशी ती भांडत नाही, टोमणा मारत नाही. जेवण वाढते, औषधाच्या गोळ्या काढून ठेवते. बोलत मात्र नाही. चहा ती करते आणि आई नेऊन देते.

पावसाच्या दिवसांत संध्याकाळी बाबा ओट्यावर येऊन बसतात आणि डोंगराकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत राहतात. धुकं असलं की उभे राहतात. स्कूटीचा आवाज वळणावर आला, तो तिचाच आहे अशी खात्री पटली, की ते उठून आतल्या खोलीत जातात आणि दार ओढून घेतात. ती घरात येते तेव्हा ओट्यावर कुणी नसतं.